‘सांगणार नाही’ आणि ‘सांगता येणार नाही’ : व्हीपीएन, सरकार आणि आपलं खासगीपण



आजचा विषय आम्ही शोधला नाही, तो आमच्याकडे चालत आला. मागे गडचिरोलीला एका कार्यक्रमानंतर एटापल्लीकडचा एक तरुण मागे थांबला. ग्रामसभेची कागदपत्रं सांभाळणारा, माहिती अधिकाराचे अर्ज लिहिणारा, खाणीविरुद्धच्या ठरावाचे फोटो काढून वकिलाला पाठवणारा. त्यानं विचारलं, ‘‘सर, मोबाइलमध्ये व्हीपीएन टाकलं तर सरकारला काही दिसत नाही म्हणतात. खरं आहे का जी?’’ आमचं आयुष्य गेलं ज्ञान म्हणजे काय हे शिकवण्यात, आणि या साध्या प्रश्नाला आम्ही ‘‘बघून सांगतो’’ म्हणून वेळ मारून नेली. तेव्हापासून जे वाचलं, जाणत्यांना विचारलं, त्यावरून आज उत्तर द्यायचं आहे. चंद्रपूरला बोलत असलो तरी उत्तर त्या मुलासाठी आहे. आमचं उत्तर चुकलं, तर किंमत त्याला मोजावी लागेल, आम्हाला नाही.

आधी वस्तू समजून घेऊ. आलापल्लीहून ट्रक निघतो, वाटेत तपासणी नाका लागतो. आपल्या मोबाइलमधून निघणारी प्रत्येक गोष्ट अशीच एका नाक्यावरून जाते, आणि तो नाका म्हणजे आपली टेलिफोन कंपनी. आज बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर कुलूपबंदच असतो. म्हणजे पेटीत काय आहे ते नाकेदाराला दिसत नाही, पण पेटीवरचा पत्ता सहसा दिसतो : हा माणूस अमुक संकेतस्थळावर गेला, इतक्या वाजता गेला. व्हीपीएन काय करतं? सगळ्या ट्रकवर ताडपत्री टाकतं आणि ट्रक आधी आपल्या गोदामात नेतं. नाकेदाराला एवढंच दिसतं की ट्रक त्या गोदामाकडे गेला. पुढे गोदामवाला ताडपत्री काढतो, पेट्यांवरचे पत्ते बघतो आणि त्या आपल्या नावानं रवाना करतो. पलीकडे माल घेणाऱ्याला वाटतं, माल गोदामातून आला.

आता हिशेब करा. जे आधी नाकेदाराला ठाऊक होतं, ते आता गोदामवाल्याला ठाऊक झालं. ज्ञान नाहीसं झालं नाही, एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. व्हीपीएनच्या जाहिरातीत ‘लष्करी दर्जाचं कुलूप’ असं काहीतरी भारदस्त लिहिलेलं असतं. कुलूप चांगलं असेलही, पण किल्लीवाला कोण हे जाहिरात सांगत नाही.

यावर कंपन्यांचं उत्तर ठरलेलं आहे : ‘आम्ही नोंदच ठेवत नाही.’ या वाक्यात दोन वेगळी वाक्यं मिसळलेली आहेत, आणि आमच्या आजच्या टीकेचा गाभा तिथेच आहे. एक वाक्य, ‘आम्ही कुणाला सांगणार नाही.’ दुसरं, ‘आम्हाला सांगताच येणार नाही, कारण आम्हाला माहीतच नाही.’ पहिलं वचन आहे, दुसरी वस्तुस्थिती आहे. वचन दबावाखाली मोडतं. वस्तुस्थितीवर कितीही दबाव आणा, नसलेली गोष्ट निघत नाही. जाहिरात मात्र पहिली वस्तू दुसरीच्या भावानं विकते.

उदाहरणं दोन्ही बाजूंची आहेत आणि दोन्ही प्रामाणिकपणे मांडली पाहिजेत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका ऑनलाइन छळाच्या प्रकरणात प्युअरव्हीपीएन या कंपनीच्या नोंदींतून एफबीआयनं आरोपीचा माग काढला. कंपनी तोवर नोंद ठेवत नसल्याची ग्वाही देत होती. आरोपीबद्दल आम्हाला काडीची सहानुभूती नाही, पण तो पकडला गेला ही गोष्ट चांगली असली तरी ग्वाही खोटी होती, ही गोष्ट उरतेच. २०२० मध्ये हाँगकाँगची यूएफओ व्हीपीएन ही सेवा, तीही नोंदी न ठेवण्याचा दावा करणारी, आणि तिच्या नोंदींचा साठा इंटरनेटवर उघडा पडलेला सापडला.

आता दुसरी बाजू. स्वीडनमधल्या मुलवाड या कंपनीच्या गोथेनबर्गच्या कार्यालयात १८ एप्रिल २०२३ रोजी पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन आले. कंपनीनं नंतर जाहीर केलं की ग्राहकांची माहिती आमच्याकडे नाहीच, हे दाखवून दिल्यावर पोलीस काही न घेता परत गेले. ही कंपनी खातं उघडताना नावही विचारत नाही, नुसता क्रमांक देते, आणि रोख पैसे पाकिटात घालून पाठवले तरी घेते. त्याआधी तुर्कस्तानात, रशियन राजदूताच्या हत्येच्या तपासात, एक्स्प्रेसव्हीपीएनचा सर्व्हर पोलिसांनी ताब्यात घेतला आणि त्यातून उपयोगाचं काही निघालं नाही.

तेव्हा ‘व्हीपीएन म्हणजे सगळी फसवणूक’ असं म्हणणाराही चूकच. ज्याला खरोखर माहीत नाही, तो कालच्या दिवसाबद्दल सांगू शकत नाही. पण उद्याचं काय? ‘यापुढे या एका ग्राहकाची नोंद ठेवा’ असा कायदेशीर आदेश आला तर? २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन कंपनीच्या ईमेल सेवेबाबत हेच झालं. स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून तिला एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. ती ईमेल सेवा होती, व्हीपीएन नव्हे, आणि तिकडच्या कायद्यात दोघांना वेगळे नियम आहेत असं कंपनी सांगते. मान्य. पण धडा असा की कंपनी कुठल्या तरी देशात असते आणि त्या देशाला कायदा असतो. आकाशात कार्यालय नसतं.

आता आपल्या देशात येऊ. २८ एप्रिल २०२२. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेनं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब खाली एक आदेश काढला. व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, फोन क्रमांक, ईमेल, त्याला दिलेले आयपी पत्ते, सेवा कशासाठी घेतली त्याचं कारण, हे सगळं नोंदवायचं आणि ग्राहक सोडून गेल्यावरही किमान ५ वर्षं ठेवायचं. न पाळल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना यातून वगळलं. सामान्य ग्राहकाला सेवा विकणाऱ्यांना मुदतवाढ मिळाली, ती २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत.

या आदेशावर टीका करणारे म्हणाले, सरकार माहिती मागतं आहे. आम्हाला वाटतं, गोष्ट त्याहून खोल आहे. माहिती मागण्याचा अधिकार सरकारला आधीही होता. नवीन काय झालं? ‘मला माहीत नाही’ हे उत्तरच बेकायदा झालं. वकिलाला त्याच्या अशिलाबद्दल विचारणं वेगळं, आणि प्रत्येक दुकानदारानं येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाची वही ठेवलीच पाहिजे, न जाणो कधी लागली तर, असा हुकूम काढणं वेगळं. पहिल्यात कुणावर तरी संशय आहे. दुसऱ्यात सगळेच आगाऊ संशयित आहेत. आणि व्हीपीएनची जी एकमेव खरी ताकद होती, अज्ञानाची, नेमकी तीच या आदेशानं काढून घेतली.

कंपन्यांनी काय केलं? एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी २०२२च्या जूनमध्ये भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले, प्रोटॉननं सप्टेंबरमध्ये. नियम मान्य नसेल तर देश सोडा, असा तेव्हाच्या राज्यमंत्र्यांचा सूर होता, आणि त्या खरोखर निघून गेल्या. म्हणजे वाचलो का आपण? अर्धवट. सर्व्हर परदेशात गेला तरी ॲप आपल्या मोबाइलमध्ये यावं लागतं, आणि ॲपचं दुकान गूगल-ॲपलचं. २०२५च्या जानेवारीच्या सुरुवातीला बातमी आली की क्लाउडफ्लेअरच्या ॲपसह अनेक व्हीपीएन ॲप्स सरकारी आदेशानंतर भारतातल्या या दुकानांतून उतरवली गेली. जम्मू-काश्मीरमध्ये तर २०२० मध्ये व्हीपीएन वापरून समाजमाध्यमांवर गेलेल्यांविरुद्ध गुन्हा नोंदला गेला, आणि २०२५च्या मे महिन्यात दोडासारख्या जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी व्हीपीएनवरच बंदी घातली. गोदामवाल्यापर्यंत हात पोचत नसेल तर ताडपत्रीच जप्त करायची, अशी ही रीत.

हे झालं देशाचं. आता त्या मुलाच्या गावात जाऊ, कारण दिल्लीत बसून व्हीपीएनबद्दल जे बोललं जातं ते आपल्या जंगलात जसंच्या तसं लागू पडत नाही.

सर्ट-इनच्या आदेशाच्या आदल्याच दिवशी, म्हणजे २७ एप्रिल २०२२ला, केंद्रीय मंत्रिमंडळानं नक्षलप्रभावित भागांतले २,३४३ मोबाइल टॉवर टूजीवरून फोरजी करायला मंजुरी दिली. योजनेच्या नावातच ‘सुरक्षा स्थळांवरील’ असा शब्द होता. ज्यांनी भामरागड-एटापल्लीचा रस्ता पाहिला त्यांना हे नवं नाही. तिकडे टॉवर शोधायचा तर पोलीस मदत केंद्र शोधावं. आम्ही टॉवरच्या विरोधात नाही, बरं का. बाळंतीण अडली तर त्याच टॉवरवरून रुग्णवाहिकेला फोन लागतो. पण त्या मुलाच्या मोबाइलचं पहिलं पाऊल कुठे पडतं ते विसरू नका. सिमकार्ड ओळखपत्राशी बांधलेलं. कुणी कधी कुठे जोडणी केली याच्या नोंदी टेलिफोन कंपन्यांनी किमान २ वर्षं ठेवायच्या, असा २०२१च्या डिसेंबरपासून नियम. व्हीपीएन लावलं तर त्या नोंदीत संकेतस्थळांच्या जागी काय येणार? ‘हा माणूस रात्री साडेनऊला व्हीपीएनच्या सर्व्हरला जोडला गेला.’

मुंबईत अशा हजारो नोंदी रोज होतात, कोण कुणाकडे बघतो. चैत्रात आपल्या महाकालीच्या यात्रेत कुणी तोंडाला उपरणं गुंडाळून फिरला तर लक्षही जात नाही. तेच उपरणं गुंडाळून भामरागडच्या आठवडी बाजारात फिरून बघा. शंभर जण वळून बघतील. लपणं हे झाकण्यावर नसतं, ते गर्दीवर असतं. ज्या टॉवरवर मूठभर स्मार्टफोन आहेत तिथे व्हीपीएन लावणारा एकटाच असेल, तर त्यानं काय पाहिलं हे झाकलं जाईल, पण तो काहीतरी झाकतो आहे हे उघड होईल. आणि आपल्याकडे ‘काहीतरी झाकतो’ या दोन शब्दांची फाइल व्हायला वेळ लागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ताडपत्री रस्त्यावरच्या मालाला झाकते. घरातल्या मालाला नाही.

प्रा. जी. एन. साईबाबा यांचा खटला आपल्या गडचिरोलीच्या सत्र न्यायालयात चालला. २०१३च्या ऑगस्टमध्ये अहेरीत अटक दाखवलेल्या एका विद्यार्थ्याजवळ मेमरी चिप सापडल्याचं पोलिसांचं म्हणणं होतं. सप्टेंबरमध्ये साईबाबांच्या दिल्लीतल्या घराची झडती झाली, संगणकाची साधनं जप्त झाली. ७ मार्च २०१७ला गडचिरोलीत शिक्षा झाली, पाच जणांना जन्मठेप. सात वर्षांनी, ५ मार्च २०२४ला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. जप्ती आणि इलेक्ट्रॉनिक पुरावा कायद्याला अपेक्षित रीतीनं सिद्ध झाला नाही, असं म्हटलं. विद्यापीठाच्या परिसरात झडती घेताना पंच निरक्षर निवडला, यावर बोट ठेवलं. आणि इंटरनेटवरून नक्षल विचाराचं साहित्य उतरवून घेणं एवढ्यानं गुन्हा होत नाही, हेही सांगितलं. पण त्याआधी, २०२२च्या ऑगस्टमध्ये, या खटल्यातला गडचिरोलीचाच एक आदिवासी तरुण नागपूरच्या तुरुंगात असताना आजारी पडून मरण पावला होता. त्याला ‘निर्दोष’ हा शब्द ऐकायला मिळाला नाही. साईबाबाही सुटकेनंतर सात महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २०२४ला गेले.

या सगळ्या कथेत व्हीपीएननं कोणाला वाचवलं असतं? कुणालाच नाही. प्रश्न तारेवरून काय गेलं हा नव्हताच. चिप, हार्ड डिस्क, पंचनामा, लखोट्यावरचं सील, असे प्रश्न होते. उत्तरं न्यायालयात मिळाली, उशिरा मिळाली, पण तिथेच मिळाली.

भीमा कोरेगाव प्रकरण तर याच्याही पुढचं. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या तज्ज्ञ संस्थेनं बचाव पक्षासाठी तपासणी करून २०२१च्या फेब्रुवारीत अहवाल दिला की रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये नेटवायर नावाचा घुसखोर प्रोग्रॅम २२ महिन्यांहून अधिक काळ होता आणि त्यातून कागदपत्रं पेरली गेली. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही तिनं असाच निष्कर्ष काढला. गडलिंग हे गडचिरोलीच्या कितीतरी आदिवासींचे खटले लढणारे वकील. तपास यंत्रणेला हे निष्कर्ष मान्य नाहीत, आणि घुसखोर कोण ते त्या अहवालानं सांगितलेलं नाही. आम्ही न्यायाधीश नाही. पण तंत्राचा मुद्दा समजून घ्या : चोर गोदामात नाही, नाक्यावर नाही, तो ट्रक भरणाऱ्या हाताशेजारी उभा आहे. मग ताडपत्री कितीही जाड असू द्या.

इथे कुणी म्हणेल, सर, तुम्ही एकाच बाजूनं बोलता. सरकारची भीती काय खोटी आहे? नाही, खोटी नाही. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. कुरखेडा तालुक्यातल्या जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात पोलीस दलाचे १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. त्यांतली कित्येक पोरं याच मातीतली होती. असा कट कुणी मोबाइलवर रचत असेल तर त्याचा मोबाइल सरकारला तपासता आला पाहिजे, हे आम्ही निःसंकोच म्हणतो. ‘सरकारला कधीच काही दिसू नये’ ही आमची मागणी नाही, आणि ती कुठल्याही शहाण्या नागरिकाची नसावी.

मग आमची मागणी काय? ‘बघायचं’ कुणी ठरवायचं, एवढा एक प्रश्न. आज माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली पाळत ठेवण्याचा आदेश गृह खात्याचा सचिव देतो, आणि तो योग्य होता का हे तपासणारी समिती कुणाची? तीही सचिवांचीच. मागणारा सरकार, देणारा सरकार, तपासणारा सरकार. यात न्यायाधीश कुठेच नाही. ज्याच्यावर पाळत ठेवली त्याला नंतरही कधी कळत नाही, मग तो दाद मागणार कशाची? १९९६ मध्ये टेलिफोन टॅपिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जी समितीची व्यवस्था सांगितली तिचाच हा विस्तार. २४ ऑगस्ट २०१७ला पुट्टास्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्यात केंद्र सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला अधिसूचना काढून सूट देऊ शकतं. घराला दार बसवलं आणि ज्याच्यासाठी दार हवं होतं त्यालाच किल्ली दिली.

व्हीपीएन कंपन्यांवर आमचा खरा आक्षेप इथे येतो. त्या राजकीय प्रश्नाचं उत्तर महिन्याच्या वर्गणीत विकतात. नागरिक आणि राज्य यांच्यातलं नातं दुरुस्त करायचं काम आहे, आणि त्या म्हणतात, बटण दाबा. ज्याला बटण परवडतं, इंग्रजी कळतं, तो म्हणतो माझं भागलं. नाक्यावर मग उरतात फक्त ज्यांना परवडत नाही ते.

आपल्या भागानं याचं दुसरं उत्तर एकदा देऊन दाखवलं आहे. मेंढा (लेखा). बांबू गावाचा, पण वाहतूक परवान्याचं पुस्तक वन खात्याकडे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तरी परवाना मिळेना. गावाला सोपं होतं, रात्री आडवाटेनं नाका चुकवायचा. चुकवला असता तर काही ट्रक निघाले असते आणि गाव कायमचं चोर ठरलं असतं. मेंढ्यानं उलट केलं. दिवसाढवळ्या, कायदा हातात धरून, परवान्याचं पुस्तकच मागितलं. २७ एप्रिल २०११ला ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. नाका तिथेच राहिला, पण नोंद कुणी करायची हे बदललं. वनहक्क कायदा काय आणि इंटरनेट काय, तुलना थोडी ओढून ताणून आहे हे आम्हाला कळतं. तरीही खासगीपणाच्या लढ्याला आम्हाला याहून चांगलं उदाहरण सापडत नाही.

आता त्या मुलाला उत्तर. बाबा रे, व्हीपीएन लाव, हरकत नाही. सार्वजनिक वायफायवर, एखादं संकेतस्थळ विनाकारण बंद केलं असेल तर, टेलिफोन कंपनीच्या नजरेपासून, ते उपयोगी आहे. फुकटचं घेऊ नको; गोदामाचं भाडं कुणीतरी देतच असतं. पण ‘आता सरकारला दिसत नाही’ असं समजून एकही ओळ लिहू नको. तू जे करतो आहेस ते कायदेशीर आहे, तर ते शक्यतो उघड कर. ठरावावर सगळ्यांच्या सह्या घे, प्रती तीन ठिकाणी ठेव. मोबाइल अद्ययावत ठेव, अनोळखी फाइल उघडू नको. कधी मोबाइल जप्त झालाच, तर शांतपणे पंचनाम्याची प्रत माग आणि आतल्या माहितीची ‘हॅश व्हॅल्यू’ तिथेच नोंदवायला सांग. तो माहितीचा अंगठा असतो, नंतर एक अक्षर बदललं तरी जुळत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५नं झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक केलं आहे, हेही लक्षात ठेव. आणि वकिलाचा नंबर मोबाइलमध्येच नव्हे, कागदावरही लिहून ठेव.

बाकी काम एकट्या त्याचं नाही, आपल्या सगळ्यांचं आहे. पाळतीच्या आदेशावर न्यायाधीशाची सही हवी, आणि तपास संपल्यावर ज्याच्यावर पाळत होती त्याला ते कळवलं पाहिजे. या दोन मागण्या आपण आपल्या आमदार-खासदारांना एकदा तरी लेखी कळवल्या आहेत का? आम्ही स्वतः कळवल्या नव्हत्या. या व्याख्यानाची तयारी करताना ते पत्र लिहिलं, परवा टपालात टाकलं, उघड्या पोस्टकार्डावर.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आम्ही बसलो आहोत.